नाव झाकून गिटार बघा

लोहाऱ्यात राहून जुनी गिटार घ्यायची म्हटलं की पहिली अडचण अंतराची. यवतमाळच्या दुकानात नवी, स्वस्तातली गिटार मिळून जाते. चांगल्या कंपनीची वापरलेली गिटार मात्र पुण्यात, नागपुरात नाहीतर मुंबईत, इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलेल्या कुणाच्या तरी कपाटावर धूळ खात असते. जाहिरात फोनवर दिसते, भाव फोनवर ठरतो, पैसे फोनवरून जातात. गिटार हातात येते ती सौदा संपल्यावर. नकली माल खपवणाऱ्याला एवढं अंतर पुरतं.

जगात बोभाटा होतो तो गिबसन आणि फेंडर या कंपन्यांच्या नकलांचा. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कस्टम खात्याने लॉस एंजेलिसच्या बंदरात गिबसनच्या नावाच्या ३,००० हून जास्त बनावट गिटारी पकडल्याचं जाहीर केलं. खऱ्या असत्या तर त्यांची किंमत १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर गेली असती. आपल्याकडचं दुखणं त्याहून साधं आहे. पाच-सात हजारांत जुनी यामाहा शोधणारा कॉलेजचा पोरगा हे इथलं खरं गिऱ्हाईक. त्याला गिबसनच्या लाखाच्या लेस पॉलपेक्षा यामाहाची एफ-३१० ओळखता येणं जास्त गरजेचं. म्हणून पुढच्या कृतीत यामाहाला जास्त जागा दिली आहे.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिमचा मोठा कारखाना आहे. तिथे काम केलेल्या माणसाच्या हातात नावाजलेल्या कंपनीची जीन्स द्या, तो कमरेवरचं लेबल वाचण्याआधी पँट उलटी करून शिलाई बघेल. गिटारही तशीच बघायची. नावाचं स्टिकर दहा रुपयांत छापून मिळतं. फ्रेट नीट बसवणं, मान सरळ जोडणं, आतल्या पट्ट्या साफ चिकटवणं मात्र स्वस्तात होत नाही.

आधी ठरवा, नकली कशाला म्हणायचं

तीन वेगळ्या गोष्टींची इथे नेहमी गल्लत होते. पहिली, निव्वळ बनावट: कुठल्याशा कारखान्यात तयार करून वर मोठ्या कंपनीचं नाव छापलेली. दुसरी, चढवलेली: गिटार खरीच, पण स्वस्त मॉडेलची. फेंडरच्याच स्वस्त शाखेच्या, म्हणजे स्क्वायरच्या हेडस्टॉकवरचं (मानेच्या टोकावरचं) नाव खरवडून तिथे फेंडरचं स्टिकर लावायचं, किंवा यामाहाच्या एफ-३१० ला वरची एफजी-८०० सांगून विकायचं. माझ्या मते आपल्या बाजारात सांभाळून राहायचं ते या दुसऱ्या प्रकारापासून, कारण गिटार वाजते बरी आणि संशय येत नाही. तिसरी, नावात नाव मिसळणारी. गिवसन, हॉबनर ही भारतीय बनावटीची जुनी नावं आहेत. त्या गिटारी नकली नाहीत, अनेकांनी पहिला सी कॉर्ड त्यांच्यावरच धरला आहे. पण जाहिरातीत ‘गिबसन’ आणि फोटोत ‘गिवसन’ असेल, तर विकणाऱ्याला एक तर माहीत नाही किंवा चांगलंच माहीत आहे. दोन्ही वेळा भाव गिवसनचाच करायचा.

जाहिरात वाचा, गिटार नंतर

ओएलएक्स असो की फेसबुक मार्केटप्लेस, फोटो दाबून ठेवा आणि गूगल लेन्सवर टाका. तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत किंवा एखाद्या परदेशी दुकानाच्या पानावर सापडला तर विषय संपला. मग विकणाऱ्याचं खातं बघा. परवाच उघडलेलं खातं, त्यावर एक गिटार, एक कॅमेरा, एक स्कूटर आणि सगळ्यांचा भाव निम्मा, हे लक्षण ओळखीचं आहे. ‘मी सैन्यात आहे, बदली झालीय, गिटार पॅक करून ठेवलीय, फक्त वाहतुकीचे पैसे आधी टाका’ ही कथा तर आता इतकी जुनी झाली की पोलीसही पहिल्या वाक्यात ओळखतात. ओळखपत्राचा फोटो पाठवला म्हणून माणूस खरा ठरत नाही. तो फोटोही कुणाकडून तरी घेतलेला असतो.

एक साधा प्रश्न विचारून ठेवा: ‘कुठून घेतली होती, कधी, बिल आहे का?’ बिल नसणं हा गुन्हा नाही, दहा वर्षांपूर्वीचं बिल कोण जपतं. पण खरा मालक तारा कधी बदलल्या, कुठे पोचा पडलाय, हे न विचारता सांगतो. विकणारा दलाल असेल तर ‘कंडिशन एकदम मस्त’ यापलीकडे जात नाही.

फोटो मागवा, तुम्हाला हवे तसे

जाहिरातीतले फोटो पुरत नाहीत. असा मेसेज करा: ‘दादा, गिटार आवडली. उद्या दिवसाउजेडी हे फोटो काढून पाठवाल का? एका चिठ्ठीवर उद्याची तारीख आणि तुमचं नाव लिहून तारांमध्ये अडकवा.’ चिठ्ठीसकट फोटो आला म्हणजे गिटार निदान त्याच्याकडे आहे एवढं कळतं. मग मागा: हेडस्टॉक समोरून आणि मागून, नट (हेडस्टॉकखाली तारा टेकतात ती पट्टी) अगदी जवळून, साऊंडहोलमधून आतलं लेबल, साऊंडहोलची कापलेली कड, मान आणि बॉडी जिथे मिळतात तो जोड, ब्रिज बाजूने, आणि पूर्ण गिटार आडवी धरून. एवढे फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. जो कां-कूं करतो त्याला सोडून द्या, भाव कितीही चांगला असो.

हेडस्टॉक आणि लोगो

यामाहाचा लोगो विदर्भातल्या कुणालाही पाठ आहे, पण तो मोटारसायकलीच्या टाकीवरचा. इथेच एक गंमत आहे. वाद्यांची यामाहा आणि गाड्यांची यामाहा या आता वेगळ्या कंपन्या आहेत आणि त्यांचे लोगोही हुबेहूब एक नाहीत. दोन्हींत तीन ट्यूनिंग फोर्क एकमेकांना छेदून ठेवलेले असतात. वाद्यांच्या लोगोत त्या काट्यांची टोकं वर्तुळाच्या आतच राहतात. गाडीच्या लोगोत ती बाहेरच्या कड्याला जाऊन टेकतात. गिटारच्या हेडस्टॉकवर टेकलेली टोकं दिसली, तर ते स्टिकर गिटारच्या कारखान्यातून आलेलं नाही. फोटो मोठा करून बघा, दोन सेकंदांचं काम आहे.

अक्षरांची कड फुटकी आहे का, लोगोभोवती पारदर्शक स्टिकरची चौकट उजेडात चमकते का, लोगो मधोमध आहे का, हेही बघा. मागच्या बाजूला ट्यूनिंगच्या सहाही की सरळ बसवलेल्या आणि एकाच प्रकारच्या हव्यात. एखादी बदललेली असू शकते, पण जुन्या स्क्रूची भोकं मेणाने बुजवलेली दिसली तर विचारा.

लेस पॉलच्या नादात असाल तर हेडस्टॉकवर, मानेतल्या ट्रस रॉडच्या तोंडावर असलेल्या घंटेच्या आकाराच्या झाकणाकडे बघा. खऱ्या गिबसनवर त्याला दोन स्क्रू असतात, नकलेवर बहुतेक वेळा तीन. झाकण काढायला लावा. गिबसनमध्ये आत पितळी षट्कोनी नट दिसतो. तिथे ॲलन कीचं भोक दिसलं, तर ती गिबसन नाही. एपिफोनला हे लावू नका. ती गिबसनचीच स्वस्त शाखा आहे आणि तिच्या झाकणाचे स्क्रू वेगळे असू शकतात.

नंबरावर विश्वास, पण एकाच बाजूने

सिरियल नंबर जुळला म्हणून गिटार खरी ठरत नाही. नकली करणारा एक खरा नंबर उचलतो आणि तोच शंभर गिटारींवर छापतो. उलट नंबर जुळत नसेल तर गिटार खोटी, यात मात्र फारशी पळवाट नाही. नंबराचा उपयोग फेटाळण्यासाठी करायचा, मान्य करण्यासाठी नाही.

टेलर कंपनीच्या गिटारींचं उदाहरण घ्या, कारण तिथे गणित स्वच्छ आहे. २००९ च्या शेवटापासून टेलरचा नंबर दहा आकडी असतो. पहिला आकडा कारखान्याचा: १ म्हणजे कॅलिफोर्नियातलं एल कहोन, २ म्हणजे मेक्सिकोतलं टेकाते. दुसरा आणि सातवा आकडा मिळून वर्ष, तिसरा-चौथा महिना, पाचवा-सहावा तारीख, उरलेले तीन त्या दिवसाच्या कामातला क्रम. म्हणजे २१०५१४८०२३ असा नंबर असेल तर गिटार टेकातेत १४ मे २०१८ ला तयार झाली. आता विकणारा हिला ८१४ म्हणत असेल, तर ते महागडं मॉडेल एल कहोनचं. हा नंबर तिला शोभत नाही. महिन्याच्या जागी १७ आला तर हसून फोन ठेवा.

मार्टिन कंपनीच्या गिटारीचा नंबर आत, मानेच्या बुडाशी असलेल्या लाकडी ठोकळ्यावर मॉडेलच्या नावासह उठवलेला असतो. १८९८ मध्ये ८००० पासून सुरू झालेली ती मालिका आहे. फेंडरच्या साधारण २०१० नंतरच्या नंबरात ‘यूएस’ असेल तर अमेरिका, ‘एमएक्स’ असेल तर मेक्सिको, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. ‘आयसीएस’ ने सुरू होणारा नंबर इंडोनेशियात बनलेल्या स्क्वायरचा. तो असताना समोर फक्त फेंडरचं नाव असेल तर ती चढवलेली गिटार आहे.

देशाच्या नावावरून मात्र घाबरू नका. एफ-३१० वर ‘मेड इन इंडोनेशिया’ असणं अगदी स्वाभाविक. यामाहाचा चेन्नईजवळही कारखाना आहे, त्यामुळे ‘मेड इन इंडिया’ वाचून नकली म्हणायचं कारण नाही. उलट एफ-३१० वर कुणी अभिमानाने ‘मेड इन जपान’ दाखवलं, तर तिथेच थांबा.

आत डोकवा

साऊंडहोलची कापलेली कड ही ॲकूस्टिक गिटारची सगळ्यात प्रामाणिक जागा. एफ-३१० चं वरचं तोंड प्लायचं असतं, एफजी-८०० चं अखंड स्प्रूसचं. अखंड लाकडात वरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरतात. प्लायमध्ये कडेला थर दिसतात, मधला थर बहुतेकदा वेगळ्या रंगाचा, रेषा आडव्या गेलेल्या. लेबल एफजी-८०० चं आणि कड थरांची असेल, तर लेबल चिकटवलेलं आहे. काही गिटारींना कडेवर काळा रंग किंवा पट्टी असते, मग फोनचा टॉर्च आत टाकून वरच्या लाकडाची आतली बाजू बघायला सांगा. बाहेरची एखादी ठळक रेष आत त्याच जागी सापडली पाहिजे.

लेबल तिरकं, फुगलेलं, खाली दुसऱ्या लेबलाचा डाग. आतल्या पट्ट्यांवर डिंक ओघळून सुकलेला. लाकडाची कुसं तशीच सोडलेली. स्वस्त गिटारीत थोडं असायचंच, पण मोठ्या कंपनीच्या वरच्या मॉडेलमध्ये हे चालत नाही.

लाकडाविषयी विकणारे फार बोलतात. शिसव, म्हणजे त्यांच्या भाषेत रोझवुड, या शब्दावर पाचशे रुपये वाढतात. २०१७ च्या जानेवारीपासून रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची कडक अट आली. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबरात. त्या मधल्या काळात फेंडरने आपल्या मेक्सिकन गिटारींच्या बऱ्याच मॉडेलवर रोझवुडऐवजी पाऊ फेरो हे दुसरं लाकूड वापरलं. म्हणून फेंडरची २०१८ ची मेक्सिकन स्ट्रॅटोकास्टर ‘रोझवुड बोर्ड’ म्हणून समोर आली, तर मॉडेलचं पूर्ण नाव विचारून पडताळा.

टेप लावायला सांगा

ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि मला हीच सगळ्यात आवडते, कारण इथे गप्पा चालत नाहीत. शिंप्याचा टेप किंवा पट्टी नटच्या आतल्या कडेला ठेवून बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या मध्यापर्यंत मोजायला सांगा, आणि टेप दिसेल असा फोटो मागा. त्या मापाची दुप्पट म्हणजे गिटारचं स्केल. एफ-३१० चं स्केल ६३४ मिलिमीटर, म्हणजे टेपवर ३१७ यायला हवेत. फेंडर स्ट्रॅटोकास्टर ६४८ ची, टेपवर ३२४. लेस पॉल साधारण ६२८ ची, टेपवर ३१४. एक-दोन मिलिमीटर टेप धरण्यात इकडे-तिकडे होतात. लेस पॉलवर ३२४ आले तर बनवणाऱ्याने हाताशी असलेल्या साच्यातच मान कापली आहे. लोगो बदलता येतो, फ्रेटची जागा बदलता येत नाही.

त्याच वेळी तारांची उंचीही काढून घ्या. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तारेखाली एटीएम कार्डं सरकवायला सांगा. एक कार्ड पाऊण मिलिमीटरचं. तीन कार्डं मावली तर ठीक, पाच मावली तर मान वाकली आहे किंवा ब्रिज उचललाय. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद घालून बघायला सांगा. कागद आत शिरला तर डिंक सुटतोय. हे नकलीपणाचं लक्षण नव्हे, पण यवतमाळच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा, तो ब्रिज पुरता निघून हातात येईल. दुरुस्तीचे पैसे आधीच भावातून वजा करा.

व्हिडिओ कॉलवर ऐका

फोनवरून आवाजाचा गोडवा कळत नाही, स्वर कळतो. तुमच्याकडे ट्यूनर ॲप उघडा. आधी मोकळ्या तारा सुरात लावून घ्या. मग प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक आणि पाठोपाठ तीच जागा दाबून स्वर वाजवायला सांगा. दोन्ही एकच यायला हवेत. सगळ्याच तारा पुढे-मागे जात असतील तर फ्रेट किंवा ब्रिज चुकीच्या जागी बसलाय. मग पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत एकेक स्वर. कुठे खरखर, कुठे मुका स्वर, लिहून ठेवा. विकणाऱ्याला वाजवता येत नसेल तरी एवढं करता येतं.

आपला माणूस पाठवा

लोहाऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी पुण्यात शिकतं किंवा नागपुरात नोकरीला आहे. आतेभाऊ, मावसबहीण, शाळेतला मित्र, ज्याला रविवारी अर्धा तास आहे त्याला पाठवा. गिटार कळणारं माणूस असलंच पाहिजे असं नाही. वरचे फोटो, टेपचं माप आणि खरखरणाऱ्या स्वरांची यादी त्याच्या व्हॉट्सॲपवर टाका आणि ‘हे जुळतंय का बघ’ एवढंच सांगा. भेट दिवसा आणि चारचौघांत ठरवा. फ्रेटवरून बोट फिरवून बघायला सांगा. कडेला पट्ट्या बोचतात का? ओल्या रुमालाने फ्रेटबोर्ड पुसल्यावर रुमाल काळा झाला तर लाकडावर रंग दिलेला आहे. स्वस्त पण खऱ्या गिटारीतही कधी असं असतं, पण ‘शिसवाचा बोर्ड’ म्हणून लावलेले पाचशे रुपये तेवढ्यावर परत मागता येतात.

आता भाव. इथे शीर्षकातली गोष्ट करायची. हेडस्टॉकवर काहीच लिहिलेलं नाही असं समजा, आणि या जोडकामाला, या अवस्थेत, किती द्याल तो आकडा कागदावर मांडा. खात्री पटलेल्या नावासाठी त्यावर थोडं चढवा. खात्री अर्धवट असेल तर नावाचे पैसे शून्य. विकणारा म्हणेल, ‘भाऊ, यामाहा आहे ती.’ म्हणू द्या.

पैसे आणि पार्सल

गिटार आपल्या माणसाच्या हातात आल्यावर तिथेच यूपीआयने पैसे द्या, म्हणजे नोंद राहते. आगाऊ टोकन मागितलं तर नाही म्हणा. कुणी ‘पैसे परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ म्हणाला तर लक्षात ठेवा, पैसे मिळवायला स्कॅन लागत नाही आणि पिनही लागत नाही. भेट शक्यच नसेल तर ज्या ठिकाणी माल पोचेपर्यंत पैसे अडकवून ठेवले जातात अशा ठिकाणाहूनच घ्या, नाहीतर ती गिटार सोडा.

ट्रॅव्हल्सच्या डिकीतून किंवा एसटीच्या पार्सलने आणताना तारा दोन-तीन पीळ सैल करा, हेडस्टॉकखाली आणि मानेखाली कापड गच्च भरा. उन्हाळ्यात रात्रीची गाडी निवडा. पार्सल उघडताना चिकटपट्टी कापण्यापासून नंबर दिसेपर्यंत एकच अखंड व्हिडिओ काढा. तुकडे जोडलेला व्हिडिओ कुणी मानत नाही.

फसलात तर

पैसे गेले आणि गिटार आलीच नाही, तर लगेच १९३० ला फोन लावा आणि केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. गिटार आली पण नकली निघाली, तर विकणारा दुकानदार आहे की घरगुती माणूस यावर पुढचं ठरतं. दुकानदाराविरुद्ध १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक आयोगात जाता येतं. एखादीच वस्तू विकणाऱ्या घरगुती माणसाविरुद्ध तो रस्ता लंगडा पडतो. तिथे पोलिसांत फसवणुकीची तक्रार, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तीच गिटार नावानिशी दुसऱ्याच्या गळ्यात मारलीत, तर हे कलम तुम्हालाही लागू होतं. विकायचीच असेल तर जाहिरातीत ‘नाव खरं नाही’ असं स्पष्ट लिहून विका, सरावाची गिटार म्हणून घेणारे भेटतात.

तक्रार करताना जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पूर्ण चॅट, उघडतानाचा व्हिडिओ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर सोबत ठेवा. जाहिरात विकणारा काढून टाकू शकतो, म्हणून तिचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी घ्या. यूटीआर बारा आकडी असतो आणि यूपीआय ॲपमधल्या त्या व्यवहाराच्या पावतीवर मिळतो.